रात्री चोंदणारी लहान मुलांची नाके आणि गोव्याचा पावसाळा

मांडवीकाठ
९ जुलै, रात्री १२.५०

नमस्कार. आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही रायबंदरला एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहायला आलो, आणि मृगाचा पाऊस लागल्यापासून रात्रीचा एक ठरावीक क्रम सुरू झाला आहे. दिवसभर मुलगा खेळतो, जेवतो, अखंड बडबडतो. नाकाची काहीही तक्रार नसते. साडेनऊला झोपतो आणि अकराच्या सुमारास त्याचे नाक चोंदते. तोंड उघडे पडते, घरघर सुरू होते, तीन-चार वेळा उठून तो पाणी मागतो आणि नाक चोळत रडतो. सकाळी दहापर्यंत सारे मोकळे. ताप नाही, खोकला क्वचित. बालरोगतज्ज्ञांनी तपासून छाती स्वच्छ असल्याचे सांगितले व मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. त्यांनी तासभर बरे वाटते, पुढे पुन्हा तेच.

इंटरनेटवर जिथे पाहावे तिथे ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत वाफ सोडणारे यंत्र, लावण्याचा सल्ला आहे. माझ्या मेहुण्याने तर आखातातून येताना तो आणूनही ठेवला आहे. सासूबाईंच्या मते संध्याकाळचे केळे बंद केले की सारे थांबेल. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत : हा त्रास रात्रीच का होतो, आणि ते यंत्र लावावे की नाही?

काजूबोंड
९ जुलै, सकाळी ७.१५

आमच्या घरी याच कारणासाठी आधी केळे, मग दही, मग काकडी, पेरू आणि शेवटी सोलकढीसुद्धा बंद झाली. नाक होते तसेच राहिले. फक्त मुलगी चिडकी झाली आणि मी बारीक झालो, कारण तिच्यासमोर मलाही खाता येत नव्हते.

सातेरीची_लेक
९ जुलै, सकाळी ९.३०

मांडवीकाठताई, आम्ही डिचोलीचे. माझी दोन्ही मुले लहान असताना न्हाऊ घालायला येणारी बाई टाळू भरल्यावर नाकात कोमट खोबरेल तेलाचे दोन-दोन थेंब सोडत असे. रात्री तव्यावर परतलेल्या ओव्याची पुरचुंडी करून त्यात चिमूटभर कापूर घालायचा आणि ती उशीखाली ठेवायची. कपाळावर वेखंडाचा लेप. या उपायांनी माझी मुले वाढली, आता मोठा इंजिनीअर आहे. ह्युमिडिफायर वगैरे कोणी ऐकलेही नव्हते.

पडजीभ
९ जुलै, दुपारी २.४०

मी कान-नाक-घसा विभागात काम करतो. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती समजावी. मुलाला तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही.

आधी 'रात्रीच का' याविषयी. नाक चोंदले म्हणजे ते शेंबडाने भरले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अडथळा सुजेचा असतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल वळ्या असतात आणि त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. आपण उभे किंवा बसलेले असतो तेव्हा त्या जाळ्यातले रक्त खाली उतरते; आडवे झालो की ते तिथे साचते आणि वळ्या फुगतात. कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूची नाकपुडी अधिक चोंदते, हे मोठ्यांनीही अनुभवले असेल. दिवसा शेंबूड पुढे वाहतो, शिंकेतून बाहेर पडतो किंवा नकळत गिळला जातो. झोपेत गिळण्याचे प्रमाण फार घटते आणि तो नाकाच्या मागच्या भागात साचून राहतो. शिवाय सूज आटोक्यात ठेवणारे शरीराचे स्वतःचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. ही तिन्ही कारणे रात्री अकराच्या सुमारास एकत्र येतात.

आता लहान मुलांनाच इतका त्रास का? संथ वाहणाऱ्या हवेच्या बाबतीत नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुपटीने नव्हे, सोळा पटींनी वाढतो. तुमच्या-माझ्या नाकात अर्ध्या मिलिमीटरची सूज आली तर आपण 'सर्दी झाली वाटते' म्हणून कूस बदलतो. दोन वर्षांच्या मुलाच्या नाकात तेवढीच सूज आली तर त्याची झोप उडते. त्यातही पहिल्या काही महिन्यांतली बाळे प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात, म्हणून त्यांचे दूध पिणेच अडते.

सातेरीची_लेक, तुमच्या घरच्या मायेबद्दल आदर राखून सांगतो : नाकात तेल घालणे कृपया कोणी करू नये. तेलाने खोकल्याची उबळ येत नाही, ते गुपचूप श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसात तेलजन्य न्यूमोनिया होऊ शकतो. अशी बाळे आम्ही पाहिली आहेत. कापूरही दोन वर्षांखालील मुलांच्या आसपास नको. तो पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही आकडी येऊ शकते, आणि उशीखालची पुरचुंडी तोंडात जायला वेळ लागत नाही. कापूर व मेंथॉल यांच्या बामने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, कारण गारव्याची जाणीव करून देणारे मज्जातंतू चेतवले जातात. आतली सूज होती तेवढीच राहते. ओवा कोरडा भाजून पुरचुंडी मुलाच्या हाताला न लागेल अशी टांगली तर माझी हरकत नाही.

केळ्याचा आणि शेंबडाचा संबंध मला पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

सातेरीची_लेक
९ जुलै, दुपारी ४.०५

डॉक्टरसाहेब, तेलाचे पटले. इतकी वर्षे हे कोणी असे समजावून सांगितले नव्हते. मात्र इंजिनीअर झाला यात ओव्याचा वाटा आहे, हे मी सोडणार नाही.

चिरेबंदी
९ जुलै, रात्री ९.२०

मी वैद्यक जाणत नाही. घरे बांधतो आणि जुनी घरे दुरुस्त करतो. मूळ धाग्यातल्या एका वाक्यावर कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही : 'मे महिन्याच्या अखेरीस जुन्या घराच्या तळमजल्यावर राहायला आलो.'

रायबंदर मांडवीच्या काठावर आहे. पणजी परिसरात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुन्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या असतात. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतले पाणी तो वर ओढतो. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असे, त्यामुळे भिंत ओली झाली तरी ती ओल बाहेर टाकत असे. आता घरमालक त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवतात, म्हणजे भिंतीला रेनकोट घालून आतून भिजवत ठेवतात. मग रंगाला फुगे येतात, आणि कपाटामागे किंवा पलंगामागे, जिथे वारा फिरत नाही तिथे, काळीहिरवी बुरशी धरते.

अशा खोलीत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. त्यात आणखी वाफ सोडणारे यंत्र लावणे म्हणजे विहिरीत घागरीने पाणी ओतणे. ह्युमिडिफायरचा सल्ला ज्या देशांतून येतो तिथे हिवाळ्यात खोल्या तापवतात, हवा पापडासारखी कोरडी होते, आणि त्या मुलांची नाके सुकून चोंदतात. आपल्या मुलांचा प्रश्न नेमका उलटा आहे.

माझी विनंती आहे की यंत्र खोक्यातच ठेवावे आणि त्याऐवजी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक विकत घ्यावा. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून मागे विजेरी मारून पाहावे.

केप्याची_कॅनडात
१० जुलै, पहाटे ४.१०

चिरेबंदी यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. आमच्याकडे जानेवारीत खोलीतली आर्द्रता २५ टक्क्यांवर उतरते, मुलीच्या नाकातून रक्त येते, आणि ह्युमिडिफायरने तिला निश्चित आराम पडतो. म्हणून 'यंत्र निरुपयोगी' असे सरसकट म्हणू नये. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये केप्याला आले तेव्हा मात्र तेच यंत्र सवयीने लावले, आणि तिसऱ्या दिवशी आईच्या लाकडी कपाटातल्या साड्यांवर पांढरी बुरशी आली. आई अजून त्या नऊवारीचे नाव काढते.

बांगडा_तिखट
१० जुलै, सकाळी ८.००

मग एसीचे काय? आमच्याकडे आजोबांचे ठाम मत आहे की मुलांचे नाक एसीनेच चोंदते, आणि सौभाग्यवतीचे तितकेच ठाम मत आहे की एसीशिवाय ते मोकळे होत नाही. मी मध्ये झोपतो.

चिरेबंदी
१० जुलै, सकाळी ८.४५

दोघांचेही बरोबर असू शकते. एसी हवेतले पाणी काढून टाकतो, हा आपल्याकडे फायदाच आहे. 'ड्राय' हे बटण त्यासाठीच असते. पण त्याची जाळी मार्चपासून धुतली नसेल तर तोच बुरशी आणि धूळ खोलीभर फेकतो. जाळी दर पंधरवड्याला धुवावी, तापमान २५-२६ ठेवावे आणि झोत मुलाच्या तोंडावर येऊ देऊ नये. आजोबांना जाळी दाखवून मग मत विचारावे.

मोगरा_अबोली
१० जुलै, सकाळी ११.३०

अंथरुणाचा मुद्दा राहिला. आमच्या मुलाला तपासणीत धुळीतल्या किड्यांची, म्हणजे डस्ट माइटची, ॲलर्जी निघाली. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत. हवेतला ओलावाच शोषून घेतात. म्हणून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली तर ते मरतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांची चवथ (गणेशचतुर्थी) असते. कापसाची गादी, जुन्या गोधड्या, सावरीची उशी आणि मऊ खेळणी ही त्यांची घरे आहेत. उन्हाळ्यात आपण गाद्या अंगणात टाकतो. जुलैत ऊन आणायचे कुठून?

आम्ही असे केले : गादीला व उशीला किड्यांना न भेदता येणारी घट्ट विणीची खोळ घातली. चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतो, कारण साध्या पाण्याने किडे मरत नाहीत. ओले कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालणे बंद केले. दोरीभर कपड्यांतले सारे पाणी शेवटी त्याच हवेत जाते. कापडी अस्वल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिवस-दीड दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग धुते.

बांगडा_तिखट
१० जुलै, दुपारी १२.१०

३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी असल्याने फ्रीझर रिकामाच आहे, अस्वलाची सोय उत्तम होईल. १ ऑगस्टनंतर मात्र त्याला जागा रिकामी करावी लागेल.

पडजीभ
१० जुलै, रात्री १०.१५

मोगरा_अबोली यांचे सर्व उपाय योग्य आहेत, पण एक सावधगिरीची सूचना. डस्ट माइटसारख्या गोष्टींची ॲलर्जी शरीरात निर्माण व्हायला काही ऋतू जावे लागतात. म्हणून सव्वादोन वर्षांच्या मुलात ती असू शकते, पण पहिला संशय वारंवार होणाऱ्या साध्या सर्दीचाच घ्यावा. या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या होणे सामान्य आहे, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून अधिक. प्रत्येक सर्दी सात ते दहा दिवस चालते, म्हणजे पावसाळ्यात एक संपते न संपते तोच दुसरी लागते आणि आईबापांना वाटते की नाक दोन महिने चोंदलेलेच आहे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की अँटिबायोटिक हवे, हाही गैरसमज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

ॲलर्जीच्या बाजूने बोलणाऱ्या खुणा म्हणजे नाक व डोळ्यांना खाज, ओळीने शिंका, पाण्यासारखा स्राव, आणि घरात कोणाला दमा किंवा इसब असणे. मुलगा नाक चोळतो असे ताईंनी लिहिले आहे, ते मी लक्षात ठेवले आहे.

डिचोलीचा_पाऊस
११ जुलै, सकाळी ६.५०

आमची चूक लिहितो, इतरांना उपयोग होईल. दीड वर्षाच्या मुलीचे नाक चोंदले म्हणून मी रात्री औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वय न विचारता नाक मोकळे करणारे थेंब दिले. पाच मिनिटांत नाक मोकळे! आम्ही इतके खूश झालो की रोज रात्री घालू लागलो. आठवड्याने थेंबांशिवाय नाक दिवसासुद्धा उघडेना. डॉक्टरांनी बाटली पाहून कपाळाला हात लावला. ते मोठ्यांचे थेंब होते. बंद केल्यावर पहिल्या चार रात्री आम्ही कोणीच झोपलो नाही.

पडजीभ
११ जुलै, दुपारी १.३०

झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन वर्गातील थेंब रक्तवाहिन्या आवळतात. तीन-पाच दिवसांहून अधिक वापरल्यास औषध उतरताच सूज दुपटीने परतते. दोन वर्षांखाली ते वापरू नयेत आणि त्यापुढेही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, कारण लहान मुलांत ते रक्तात शोषले जाऊन गुंगी व हृदयाची गती मंदावणे असे परिणाम होऊ शकतात. सर्दीच्या गोड सिरपचेही तेच. क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला आहे. घरातली अर्धी बाटली काढून वेष्टन वाचा.

मग उरते काय? मिठाच्या पाण्याचे थेंबच, पण नीट घातलेले. बहुतेक जण एक थेंब टाकून मोकळे होतात. झोपण्याआधी व दूध पाजण्याआधी पंधरा मिनिटे, मुलाला मांडीवर किंचित मागे कलते धरून प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब टाकावेत, मिनिटभर थांबावे आणि मग शेंबूड पुसून किंवा रबरी फुग्याच्या पिचकारीने हलकेच ओढून घ्यावा. पिचकारी दिवसात दोन-तीनदा पुरे. वारंवार ओढल्याने आतली त्वचा सुजते आणि आपणच नाक चोंदवतो. थेंब विकतचे, निर्जंतुक बाटलीतले घ्यावेत. घरी करायचेच असतील तर पाणी उकळून थंड केलेलेच हवे. विहिरीचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. केरळात मेंदूज्वर करणाऱ्या ज्या अमिबाच्या बातम्या येतात तो पाण्यातून नाकावाटेच शिरतो.

उकळत्या पाण्याच्या भांड्याचा वाफारा लहानांना देऊ नका. त्याने सर्दी किती बरी होते हा वादाचा विषय असला तरी भाजलेली मुले वादातीत आहेत. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका. आणि डोक्याखाली उशा रचून उंच करणे हा उपाय वर्षाखालील बाळासाठी धोक्याचा आहे. मान पुढे वाकून श्वासनलिका दबते. ते सपाट, टणक गादीवर पाठीवरच झोपले पाहिजे, नाक चोंदलेले असले तरीही.

सातेरीची_लेक
११ जुलै, दुपारी ३.००

धुराविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या माहेरी न्हाणीघरातले भाण, म्हणजे पाणी तापवायचे भांडे, अजून नारळाची सोडणे आणि झावळ्या जाळून तापवतात. पावसात ती ओली असतात, धूर घरभर होतो. त्यात तिन्हीसांजेला धूप आणि रात्री डासांची अगरबत्ती. नातवंडे तिथे राहायला गेली की दुसऱ्या रात्री घोरतात, डिचोलीला परतली की थांबतात. आता डॉक्टर म्हणण्याआधी मीच म्हणते, मच्छरदाणी बरी.

फोंड्याची_मावशी
१२ जुलै, सकाळी १०.२०

आमच्या भाचीचा किस्सा सांगते. चवथ झाली आणि तीन आठवडे तिचे नाक चोंदलेले. पण एकच नाकपुडी, डावी. घाणेरडा वास येऊ लागला. दोनदा अँटिबायोटिक झाले. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी उजेड टाकून पाहिले तर आत गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीच्या फळातली एक बी, फुगून बसलेली! विचारल्यावर ती म्हणाली, 'गणपतीला दाखवत होते.' एकाच बाजूचे नाक वाहत असेल तर आधी आत डोकवावे, हे आमच्या घरात आता सर्वांना पाठ आहे.

पडजीभ
१२ जुलै, सकाळी ११.००

अगदी योग्य. फक्त घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ती वस्तू आत ढकलली जाते. आणि घड्याळातला चपटा गोल सेल नाकात गेल्याची शंकाही आली तर सकाळची वाट पाहू नका. काही तासांत तो नाकाचा पडदा जाळतो.

मडगाव_लोकल
१२ जुलै, रात्री ८.३०

आमची मुलगी पाच वर्षांची. तिचे घोरणे बारा महिने चाले, ऋतू कोणताही असो. मध्येच श्वास थांबल्यासारखा होई, मग दचकून मोठा श्वास. घामाने उशी भिजे आणि दिवसा विलक्षण चिडचिड. ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढल्याचे निदान झाले. लगेच शस्त्रक्रिया सांगतील या भीतीने मी वर्षभर टाळले होते; प्रत्यक्षात आधी काही आठवडे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला आणि तेवढ्यानेच निम्म्याहून अधिक फरक पडला. ॲडेनॉइड साधारण तीन ते सात या वयात सर्वांत मोठे असतात आणि पुढे आपोआप आकसतात, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. मांडवीकाठताई, मुलाच्या झोपेचा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून ठेवा. दवाखान्यात दिवसा मूल ठणठणीत दिसते आणि आपले वर्णन कोणाला पटत नाही.

काजूबोंड
१३ जुलै, सकाळी ७.००

धाग्याचा विषय नाक असून लेखिकाच दिसेनाशा झाल्या आहेत. केळ्याचे काय झाले?

मांडवीकाठ
१८ जुलै, रात्री ११.३५

उशिराबद्दल क्षमस्व. चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे पलंग ओढला. मागे वीतभर उंचीचा, भिंतीच्या पूर्ण लांबीचा काळा पट्टा होता. मुलाची उशी रोज रात्री त्याला टेकत होती. पलंगाखाली घरमालकाची जुन्या गोधड्यांची ट्रंक होती, ती उघडली तेव्हा मला स्वतःलाच अकरा शिंका आल्या. मापकाने पहिल्या रात्री ८८ टक्के आर्द्रता दाखवली.

आम्ही मुलाला पुढच्या, वारा फिरणाऱ्या खोलीत हलवले. एसी रात्री दोन तास ड्रायवर चालवतो, मापक ६० च्या आसपास राहतो. ५० च्या खाली काही केल्या उतरत नाही. नवी उशी घेतली, थेंब डॉक्टरांच्या पद्धतीने घालतो. गेल्या पाच रात्रींत तो दोन रात्री एकदाही उठला नाही, दोन रात्री एकदा उठला, आणि काल पूर्वीसारखाच त्रास झाला. व्हिडिओ बालरोगतज्ज्ञांना दाखवला. श्वास थांबत नाही म्हणून काळजी नाही असे ते म्हणाले. तरी पावसाळ्यानंतरही घोरणे राहिले तर ॲडेनॉइड तपासू, असे ठरले.

पडजीभ, रात्री-अपरात्री नेमके काय दिसले तर थांबू नये, एवढे सांगाल का? केळे चालू आहे. सासूबाई सध्या दह्यावर आहेत.

पडजीभ
१९ जुलै, सकाळी ८.१५

कालची वाईट रात्र मनाला लावून घेऊ नका. पाच दिवसांत भिंत वाळत नाही, तशी नाकातली सूजही पूर्ण उतरत नाही.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असल्यास तो वेगवान श्वास समजावा आणि त्याच रात्री डॉक्टरांना गाठावे. बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, श्वास मध्येच थांबणे, दूध वा पाणी घेता न येणे, किंवा मूल जागे करूनही मलूल राहणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. तीन महिन्यांखालील बाळाला ताप असल्यास नाकाकडे न पाहता थेट रुग्णालयात जावे.

चिरेबंदी
१९ जुलै, सकाळी ९.४०

तो काळा पट्टा कोरड्या झाडूने झाडू नका, बुरशीचे कण घरभर उडतील. मुलाला बाहेर पाठवून, नाकातोंडाला मास्क बांधून, साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. घरमालकाला आताच फोटो पाठवून ठेवा. नोव्हेंबरात भिंत कोरडी दिसेल आणि तो म्हणेल, ओल कुठे आहे?

मांडवीकाठ
१९ जुलै, सकाळी १०.०५

पाठवला. त्यांचे उत्तर आले, 'पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरी असते.' असो. मेहुणा विचारतो आहे, ह्युमिडिफायरचे काय करायचे?

केप्याची_कॅनडात
१९ जुलै, सायंकाळी ६.३०

डिसेंबरात मी येते आहे, मला द्या. आईला मात्र दाखवू नका.